हाळी देणाराच विकला गेला तेव्हा

इर्जिक हा शब्द आता आमच्या बीड जिल्ह्यातही क्वचितच कानावर पडतो. माझ्या लहानपणी मात्र इर्जिक डोळ्यांनी पाहायला मिळायची. एखाद्याची पेरणी मागे पडली, घरातलं कर्तं माणूस अंथरुणाला खिळलं किंवा ऐन हंगामात बैल मेला, की तो गावात हाळी द्यायचा. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत दहा-पंधरा औतं त्याच्या रानात उभी. बैल ज्याचे त्याचे, औत ज्याचं त्याचं, मजुरीचं नाव नाही. ज्याचं रान, त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, एवढाच कायदा. आठ दिवसांचं काम दुपारपर्यंत हातावेगळं व्हायचं.

आज मला कॉम्प्युटरवरच्या एका प्रोग्रामविषयी बोलायचं आहे आणि सुरुवात मी औतापासून केली. पण पुढची हकीगत कळली, की हे आडवळण वाटणार नाही.

ज्यांच्याकडून मी शब्द तोलायला शिकलो, ते माझे शिक्षक कवी होते. मराठीत लिहायचे, दखनीत लिहायचे आणि दोन्हीत सारखीच दाद घ्यायचे. १९९३ च्या हिवाळ्यात आमच्या गावी एकाच मांडवात कविसंमेलन आणि मुशायरा झाला. मी मंचाच्या पायाशी, मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसलो होतो. त्या रात्रीच्या आणि पुढच्या काही बैठकांच्या मिळून अकरा कॅसेटी माझ्याकडे जमल्या. २००१ साली सर गेले. त्यांचा आवाज तेवढ्या अकरा कॅसेटींत उरला.

२००६ मध्ये माझा भाचा तेव्हाच्या औरंगाबादला इंजिनिअरिंग शिकत होता. त्यानं त्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. एका कॅसेटीची साधारण साठ एमबीची फाइल, सगळ्या मिळून साडेसहाशे एमबी. सरांचे विद्यार्थी परभणीला, पुण्याला, थेट जेद्दाहपर्यंत पांगलेले. सगळ्यांना त्या हव्या होत्या. सरांच्या घरच्यांची परवानगी घेतली आणि भाच्यानं फाइल वाटून घेण्याच्या एका प्रोग्राममधून त्या सगळ्यांना खुल्या केल्या.

तो काळ आठवा. बीएसएनएलचं ब्रॉडबँड २००५ साली सुरू झालं होतं. २५६ केबीपीएस हा वेग चांगला मानला जाई आणि काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोफत असे. साडेसहाशे एमबी उतरवायला त्या वेगानं साडेपाच तासांच्या वर लागतात. म्हणजे मोफतची सगळी रात्र त्यातच गेली. त्यात आमच्या मराठवाड्याचं भारनियमन. पहाटे साडेचारला वीज गेली, की साध्या पद्धतीनं उतरवत असलेली फाइल बहुधा मुसळ केरात. दुसऱ्या रात्री पुन्हा श्रीगणेशा. या प्रोग्रामचं मात्र तसं नव्हतं. वीज आली, की जिथं थांबला तिथूनच तो पुढे निघायचा. आमच्यासारख्या भागात तो लोकांना जीव की प्राण का वाटला, याचं अर्धं उत्तर इथंच आहे.

उरलेलं अर्धं उत्तर त्याच्या कामाच्या रीतीत आहे. ती रीत पोथीच्या उदाहरणानं सोपी होईल.

श्रीगोंद्याचे संत शेख महंमद यांचा 'योगसंग्राम' घ्या. छापखाने नव्हते, तेव्हा असे ग्रंथ नकलांवर जगले. एकाच्या बाडावरून दुसऱ्यानं उतरवायचं, दुसऱ्याच्या बाडावरून तिसऱ्यानं. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. कापडावर लिहिलेली ती एकच वस्तू, म्हणून तिला जिवापाड जपावं लागतं. नकलांवर जगलेल्या पोथीला मात्र एका घराची आग संपवू शकत नाही.

आता समजा, चारशे पानांची पोथी एकाच गावात आहे आणि वीस गावांना तिची नक्कल हवी आहे. वीसही गावांनी त्याच घरासमोर रांग लावली, तर शेवटच्या गावाचा नंबर यायला वर्षं लागतील. त्याऐवजी पोथीवाल्यानं पहिल्या गावाला पहिली वीस पानं उतरवू दिली, दुसऱ्याला पुढची वीस, तिसऱ्याला त्यापुढची. आणि मग सांगितलं, की आता एकमेकांकडून उतरवून घ्या. थोड्याच दिवसांत प्रत्येक गावात पूर्ण पोथी तयार. गंमत अशी, की मागणारे वाढले म्हणजे रांग वाढत नाही, देणारेच वाढतात. मागणारा प्रत्येक जण त्याच क्षणी देणाराही असतो.

ही युक्ती इंटरनेटवर आणली ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रामरनं, २००१ साली. तिचं नाव बिटटोरंट. फाइलचे काहीशे केबीचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याची एक गणिती खूण आधीच नोंदवून ठेवायची आणि तुकडे वाटेल त्या क्रमानं, वाटेल त्याच्याकडून घ्यायचे. मिळालेला तुकडा त्या खुणेशी जुळला नाही, तर तो टाकून पुन्हा मागवायचा. म्हणून अनोळखी माणसाकडून घेतलेल्या फाइलमध्येही 'पाठभेद' होत नाही. स्वतःचं काम झाल्यावरही जो कॉम्प्युटर चालू ठेवतो आणि दुसऱ्यांना देत राहतो, त्याला म्हणतात 'सीड', म्हणजे बियाणं. जो घेतो आणि पसार होतो, त्याला 'लीच', म्हणजे जळू. शेतकऱ्याच्या पोराला हे शब्द समजावून सांगावे लागले नाहीत.

म्हणजे ही इर्जिकच झाली. कॉम्प्युटर ज्याचा त्याचा, वीज ज्याची त्याची, जागरण ज्याचं त्याचं. प्रोग्राम करतो काय? तो हाळी देतो. कोणाकडे कोणता तुकडा आहे, कोणाला कोणता हवा, याची गाठ घालून देतो.

एक दिवस भाचा सुट्टीत घरी आला तो चेहरा पाडूनच. म्हणाला, "मामू, आपला प्रोग्राम विकला गेला. एका कंपनीनं घेतला."

मला हसू आलं. म्हणालो, "आपला? आपण तो कधी विकत घेतला होता?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पैसे नाही दिले, मामू. पण रात्र रात्र कॉम्प्युटर तर आपलाच चालू होता ना?"

त्या वेळी मी त्याची समजूत काढली आणि विषय सोडून दिला. पण त्याचं वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. जी वस्तू आपण विकत घेतली नाही, ती विकली गेल्यावर आपलं काहीतरी गेलं असं का वाटावं?

भाच्याच्या प्रोग्रामचं नाव इथं घेण्याची गरज नाही. पण त्याच सुमारास जगभर गाजलेलं असं एक उदाहरण आहे, ते सांगण्याजोगं आहे. लुडविग स्ट्रिगिअस या स्वीडनमधल्या तरुणानं २००५ च्या सप्टेंबरमध्ये एक प्रोग्राम लोकांसमोर ठेवला. त्याच्या नावात पहिलं अक्षर होतं ग्रीक 'म्यू'. विज्ञानात दहा लाखावा भाग दाखवायला हे अक्षर वापरतात. म्हणून तो म्यूटोरंट, अगदी चिमुकला. कीबोर्डवर ते अक्षर नसल्यामुळे लोक 'यू' लिहू लागले आणि आपल्याकडे तो 'यूटोरंट' झाला. सुरुवातीच्या आवृत्त्या २०० केबीच्याही आत होत्या. जुन्या फ्लॉपीवर तो सात वेळा मावला असता. जुन्यापान्या कॉम्प्युटरवरही बिनतक्रार चालायचा. जाहिरात नाही, फुकट, आणि कामाला चोख. वर्षभरात तो लाखो लोकांच्या घरात गेला.

डिसेंबर २००६ मध्ये बातमी आली, की बिटटोरंट या कंपनीनं म्यूटोरंट विकत घेतला. ही कंपनी ब्रॅम कोहेन यांनी अश्विन नवीन यांच्यासोबत २००४ मध्ये उभी केली होती. म्हणजे ज्यानं रीत शोधली, त्याच्याच कंपनीनं तो घेतला. तरी वापरणारे धास्तावले. कारण वर्षभरापूर्वी, नोव्हेंबर २००५ मध्ये, याच कंपनीनं हॉलिवूडच्या चित्रपट-संस्थेशी करार केला होता आणि चोरीच्या चित्रपटांचे दुवे आपल्या शोधयंत्रातून काढून टाकायचं कबूल केलं होतं. शिवाय म्यूटोरंट आतून कसा लिहिला आहे, हे लोकांसाठी कधीच खुलं नव्हतं. पेटी बंद, किल्ली एकाकडे. आता ती किल्ली दुसऱ्याकडे गेली. अनेकांनी ठरवून टाकलं, की विक्रीच्या आधीची १.६ ही आवृत्तीच वापरायची आणि पुढची घ्यायची नाही.

लगेच काही वाईट घडलं असं नाही. उलट कंपनीनं तो काही वर्षं चांगला सांभाळला. जानेवारी २०११ मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की तिचे प्रोग्राम दर महिन्याला १० कोटी लोक वापरतात. मग ऑगस्ट २०१२ मध्ये फुकट आवृत्तीत जाहिराती येणार अशी घोषणा झाली. लोक भडकले, तेव्हा त्या बंद करण्याची सोय देऊ, असं कंपनीनं सांगितलं. मार्च २०१५ मध्ये प्रकरण आणखी तापलं. म्यूटोरंट बसवताना त्याच्यासोबत 'एपिक स्केल' नावाचा दुसराच प्रोग्राम येत होता आणि तो घरच्या कॉम्प्युटरची ताकद वापरून आभासी चलन कमावण्याचं काम करत होता. आम्हाला न विचारता तो बसवला, असं अनेक जण म्हणाले. परवानगीशिवाय बसत नाही, असं कंपनी म्हणाली. शेवटी तो काढून टाकला गेला. २०१८ मध्ये खुद्द बिटटोरंट कंपनीच आभासी चलनाच्या धंद्यातल्या ट्रॉनच्या मालकानं, जस्टिन सन यांनी, विकत घेतली.

आणि तो स्वीडिश तरुण? तो स्पॉटिफाय या गाण्यांच्या सेवेच्या सुरुवातीच्या इंजिनिअरांपैकी एक झाला. स्पॉटिफायचे संस्थापक डॅनिएल एक हेही काही काळ म्यूटोरंटचे प्रमुख होते. त्या सेवेनंसुद्धा २०१४ पर्यंत गाणी पोचवायला काही प्रमाणात हीच एकमेकांकडून तुकडे घेण्याची रीत वापरली.

ही एकट्या म्यूटोरंटची गोष्ट नाही. त्याच्या आधी, १९९९ मध्ये, नॅप्स्टर आला होता. गाणी वाटून घेण्याच्या त्या प्रोग्रामवर खटले झाले, २००१ मध्ये तो बंद पडला, दिवाळं निघालं आणि २००२ मध्ये रॉक्सिओ या कंपनीनं त्याचं नाव आणि बोधचिन्ह विकत घेतलं. पुढच्या वर्षी त्याच नावानं पैसे घेऊन गाणी देणारं दुकान उघडलं. पाटी तीच, आतला माणूस वेगळा. आपल्याकडच्या मोबाइलवर घरोघरी असलेला एमएक्स प्लेअर घ्या. साधा, सरळ, कोणतीही चित्रफीत चालवणारा. २०१८ मध्ये टाइम्स इंटरनेटनं तो घेतला, मालिका-चित्रपटांचं दुकान त्यात आलं आणि २०२४ मध्ये तो ॲमेझॉनकडे गेला. व्हॉट्सॲप तर आपल्या सगळ्यांच्या खिशातच आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकनं १९ अब्ज डॉलरना तो घ्यायचं ठरवलं. जानेवारी २०२१ मध्ये नव्या अटींची सूचना आली, तेव्हा आपल्याकडच्या कित्येकांनी घाईघाईनं सिग्नल आणि टेलिग्राम उतरवून घेतले. २०२५ च्या जूनमध्ये त्याच्या 'अपडेट्स' विभागात जाहिराती आणण्याचं जाहीर झालं.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येऊ. कंपनी नेमकं विकत काय घेते? २०० केबीचा प्रोग्राम तसा काही हुशार मुलं बसून पुन्हा लिहू शकतील. मोल त्या अक्षरांचं नसतं. मोल असतं ते त्याच्याभोवती जमलेल्या लोकांचं, त्यांच्या सवयीचं आणि विश्वासाचं. हाळी देणाऱ्याचा आवाज चांगला म्हणून कोणी त्याला विकत घेत नाही. त्याच्या हाळीला शंभर औतं येतात, म्हणून घेतो. आणि ती शंभर औतं ज्यांची, त्यांना या सौद्यात कोणी विचारत नाही. भाच्याला वाईट वाटलं ते याचं होतं. त्याचं म्हणणं कायद्यात बसत नसेल, पण खोटं नव्हतं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रोग्राम लिहिणाऱ्यालाही पोट असतं. लाखो लोकांच्या तक्रारी एकट्यानं किती दिवस निस्तरायच्या? आम्ही त्याला कधी एक रुपया पाठवला नाही, आभाराची ओळसुद्धा लिहिली नाही. मग त्यानं विकला, तर त्याला गद्दार म्हणायचा अधिकार आम्हाला कुठून आला? विकणं हा गुन्हा नाही, जाहिरात लावणं हाही नाही. खटकतं ते एवढंच, की ज्या विश्वासानं माणसं आली, तो विश्वास न सांगता खर्ची पडतो.

आणि मी कवी असल्यामुळे आणखी एक गोष्ट लपवता येत नाही. या रीतीनं जे वाटलं गेलं, त्यात चोरीचा माल भरपूर होता. माझी स्वतःची एक कविता माझं नाव गाळून गावोगाव फिरली, तेव्हा मलाही राग आला होता. लेखकाच्या पश्चात ६० वर्षं त्याच्या लेखनावर त्याच्या वारसांचा हक्क असतो, असं आपला कायदा सांगतो आणि तो रास्त आहे. औतानं शेजाऱ्याचा बांधही कोरता येतो. म्हणून औत वाईट ठरत नाही, कोरणारा ठरतो. आम्ही सरांच्या घरी जाऊन विचारलं होतं, ते यासाठीच.

भाच्याच्या प्रोग्रामचंही पुढे तेच झालं. आधी जाहिराती आल्या, मग नको ती जोडसामग्री, मग कॉम्प्युटर रखडायला लागला. रागाच्या भरात त्यानं तो काढून टाकला आणि फाइली वाटणंही थांबलं. २०१३ मध्ये त्याची हार्डडिस्क बसली. मी म्हणालो, कॅसेटी आहेत की माझ्याकडे. कपाट उघडलं, तर फितींवर पांढरी बुरशी. दोन कॅसेटी लावून पाहिल्या. एक तुटली, दुसरीतून नुसती खरखर. सरांचा आवाज गेला, तो माझ्या हातून गेला, असं वाटून मी दोन दिवस जेवलो नाही.

तेव्हा भाच्याला आठवलं, की त्या फाइलींची मूळ नोंद, म्हणजे सगळ्या तुकड्यांच्या खुणांची ती यादी, त्यानं एकदा मित्राला ईमेलनं पाठवली होती. ती सापडली. जुना प्रोग्राम नको होता. पण बिटटोरंटची रीत पहिल्यापासून सगळ्यांना खुली आहे. त्या रीतीनं कोणीही आपला प्रोग्राम लिहू शकतो. २००६ मध्येच ख्रिस्तोफ द्युमे या फ्रेंच विद्यार्थ्यानं क्यूबिटटोरंट नावाचा असा प्रोग्राम सुरू केला होता. तो फुकट आहे, जाहिरातीविना आहे आणि आतून कसा लिहिला आहे ते कोणालाही पाहता येतं. आज तो जगभरातले स्वयंसेवक सांभाळतात. भाच्यानं तो बसवला, ती यादी त्यात घातली आणि आम्ही वाट पाहत बसलो.

पहिला दिवस शून्य टक्के. दुसरा दिवस शून्य. तिसऱ्या रात्री त्यानं मला हाक मारली. पडद्यावर चार टक्के दिसत होते. कोणीतरी देत होतं. सकाळपर्यंत एक्याण्णव टक्के झाले आणि तिथंच अडलं. देणारा होता जेद्दाहला विजेची कामं करणारा सरांचा एक विद्यार्थी. कंपनी बदलली, प्रोग्राम बदलला, पण त्यानं वाटणं थांबवलं नव्हतं. त्याच्याकडची एक कॅसेट मात्र चुकून पुसली गेली होती. ती उरलेली कॅसेट पाचव्या दिवशी परभणीहून आली, एका निवृत्त मास्तरांच्या मुलाच्या कॉम्प्युटरवरून. अकराच्या अकरा पूर्ण झाल्या. खुणा जुळल्या. एका अक्षराचा पाठभेद नाही.

त्यातून मी जे शिकलो, ते साधं आहे. ज्या गोष्टी आपल्याला मोलाच्या, त्यांच्या प्रती निदान दोन-तीन घरांत असू द्या. सगळं एकाच ॲपच्या पोटात ठेवू नका. फाइल अशा रूपात ठेवा, की ती कोणत्याही प्रोग्रामनं उघडेल. माझ्या एका संग्रहाचा मजकूर मी जुन्या फॉन्टमध्ये ठेवला होता. तो फॉन्ट गेला आणि कवितेच्या जागी उरली नुसती चिन्हं. पुन्हा टाइप करायला दोन महिने गेले. तो मजकूर आता युनिकोडमध्ये आहे. आणि एखादा फुकट, खुला प्रोग्राम उपयोगी पडत असेल, तर वर्षातून एकदा त्याला शंभर रुपये पाठवायला हरकत नाही. इर्जिकीला जेवण घालायचं असतं, हे आपण विसरलो होतो.

हाळी देणारा विकला जातो. पुढेही विकला जाईल. पण हाळी कशी द्यायची हे गावाला माहीत असेल आणि चार माणसांनी बियाणं जपून ठेवलं असेल, तर पेरणी चुकत नाही.

भाच्याचा कॉम्प्युटर आजही रात्री चालू असतो. बिल थोडं जास्त येतं. मी त्याला ते बंद कर असं म्हणत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)